दोन पंचांगं, एक बालसभा

इंदुरातल्या शाळेत वर्षाचे कार्यक्रम लावायला बसलं की पहिला प्रश्न पैशांचा नसतो आणि हॉलचाही नसतो. श्रावण कुणाचा धरायचा, हा असतो. आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या मॅडमच्या घरी सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, आमच्या घरी अमावास्या उलटल्यावर. त्यांचे सोमवारचे उपास सुरू होतात तेव्हा आमच्याकडे आषाढच चालू असतो. राखी झाली की त्यांचा भादो लागतो आणि आमचा निम्मा श्रावण उरलेलाच असतो.

मी पहिली ते पाचवीच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा लहान, वस्ती मिसळलेली: मराठी, माळवी, गुजराती, बोहरी, सिंधी सगळी घरं. २०२५-२६ च्या सत्रात सांस्कृतिक प्रभारीचं काम माझ्याकडे आलं. आधी ते ज्या मॅडमकडे होतं त्या निवृत्त झाल्या, आणि त्यांचं रजिस्टर एक दिवस माझ्या टेबलावर येऊन पडलं. विचारलं वगैरे कुणी नाही. रजिस्टरात दर महिन्याला एक पान. ऑगस्ट: तिरंगा, राखी, मटकी (म्हणजे दहीहंडी). सप्टेंबर: शिक्षक दिन, हिंदी दिवस, गणेश. नोव्हेंबर: मध्य प्रदेश स्थापना दिवस, बालदिवस. नवीन सत्र आलं की मागचं पान उतरवून काढायचं, अशी पद्धत.

तारखेच्या दिवसांना हे चालतं. १ नोव्हेंबर हलत नाही, १४ नोव्हेंबर हलत नाही. गणपती हलतात. २०२४ मध्ये ते ७ सप्टेंबरला बसले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. ‘सप्टेंबर: गणेश’ असं लिहून ठेवून काय करणार?

म्हणून मी ड्रॉइंगचा मोठा कागद घेऊन तीन रकाने पाडले. मधे इंग्रजी तारीख, डावीकडे आपलं पंचांग, उजवीकडे हिंदी पंचांग. भरायला लागल्यावर एक गोष्ट उघड झाली, जी आमच्या आजीला कुणी न शिकवता ठाऊक होती: शुक्ल पक्षात दोघांचा महिना एकच असतो, भांडण फक्त कृष्ण पक्षाचं आहे. राखी, हरतालिका, गणेश चतुर्थी, नवरात्र, दसरा यांत वादच नाही. जन्माष्टमी, पोळा, दिवाळी, महाशिवरात्र, रंगपंचमी यांचा दिवस दोघांचा एकच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. आपली दिवाळी आश्विनातल्या अमावास्येची, त्यांची कार्तिकातल्या, अमावास्या तीच. उज्जैनला महाकालाची सवारी सावन संपल्यावर भादोतल्या सोमवारीही निघते, त्यामुळे तिथे दोन्हीकडचे श्रावण पदरात पडतात. शाळेला एवढी ऐसपैस सोय नाही. मी ठरवलं की पालकांना जाणाऱ्या सूचनेत महिन्याचं नाव लिहायचंच नाही. तारीख आणि सण, बस. प्रिंसिपल मॅडमना हे लगेच पटलं, कारण सूचना चार ओळींत मावली.

ईदचा रकाना पेन्सिलीने भरला. ती चंद्रावर ठरते, आणि दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते.

पुढचा अडथळा सुट्टीचा. मोठ्या सणाला शाळा बंदच असते, म्हणजे साजरा करायचा तो आदल्या दिवशी, नाहीतर शनिवारच्या बालसभेत, म्हणजे मुलांच्या आठवडी कार्यक्रमात. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती दोन्ही २ ऑक्टोबरला आले. मुलांनी एक सुट्टी बुडाल्याचं दुःख आठवडाभर केलं, मला मात्र एका कार्यक्रमाची जागा मिळाली. प्रिंसिपल मॅडमच्या अटी तीन होत्या. महिन्यात मोठा कार्यक्रम एकच. भाड्याच्या पोशाखांची सक्ती नाही. आणि डिस्पोजेबल ताट-ग्लास शाळेत दिसता कामा नयेत, खाऊ असेल तर डबा आणि चमचा घरून. शेवटची अट इंदुरात समजावून सांगावी लागत नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरातली मुलं आहेत ही, पहिलीतलं पोरही तुम्हाला ओला आणि सुका कचरा कुठल्या डब्यात हे खडसावून सांगतं.

माझी स्वतःची एक अट मी मनातच ठेवली होती: स्पीकरवर सिनेमाचं गाणं आणि स्टेजवर ओळीने नाच, असा कार्यक्रम होऊ द्यायचा नाही. त्यात आठ मुली नाचतात आणि दोनशे पोरं घामाघूम होऊन बघत बसतात.

जुलैत सुरुवात छान झाली. २४ जुलैला हिंदी घरांची हरियाली अमावस्या, त्या दिवशी रोपं लावायची चाल. तीच आपली दिव्यांची अवस. सकाळी मुलांनी कुंपणाशी कडुनिंब आणि जास्वंदीची रोपं लावली. मधल्या सुट्टीनंतर प्रत्येकाने घरून आणलेला एक दिवा घासायचा: समई, निरांजन, कंदील, काही नसेल तर मातीची पणती पुसून. चिंच आणि राख मी आणून ठेवली होती. चौथीतला एक मुलगा बंद पडलेली टॉर्च घेऊन आला आणि तीही त्याने चिंचेने घासली. काहीही खर्च नाही, आणि पितळ चकाकायला लागलं की मुलांना थांबवावं लागतं.

ऑगस्टचं सांगण्यासारखं थोडंच. १५ ला झेंडा आणि १६ ला जन्माष्टमी, त्यामुळे लेझीम आणि मटकी यांच्या तालमी एकाच अंगणात एकमेकींवर आदळत राहिल्या.

अहिल्याबाईंचा दिवस मात्र मला नीट करायचा होता. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, आणि मेअखेर शाळा बंद. पण इंदुरात त्यांची पुण्यतिथी मोठी मानतात, त्या दिवशी पालखी निघते. १३ ऑगस्ट १७९५ ला त्या गेल्या. तिथी आपल्याकडे श्रावण वद्य चतुर्दशी, हिंदी पंचांगात भादो बदी चौदस. पोळ्याच्या आसपासचाच हा दिवस. दर वर्षी काय होतं, तर पांढरी साडी नेसून हातात महादेवाची पिंड घेतलेल्या मुलींची रांग लागते, फोटो निघतात, साडी सुटते, रडारड होते. या वेळी मी कुंभाराकडून मळलेली माती मागवली. माळव्याची काळी माती सुकताना भेगाळते, ती या कामाला नको. प्रत्येक मुलाने आपल्या मुठीएवढी पिंड करायची, मुलगा असो की मुलगी. हात चालू असताना मी गोष्ट सांगत होते. मुलांना वाटतं अहिल्याबाई राजवाड्यात राहायच्या. त्यांचा कारभार महेश्वरहून चालायचा, हे ऐकून पाचवीतले चक्रावले. मग राजवाड्याचे मजले किती यावर पैजा लागल्या. सात आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. दुसऱ्या दिवशी दोन-तीन जण आजोबांना स्कूटरवरून घेऊन जाऊन मोजून आले होते.

साडीतले फोटो नाहीत म्हणून पालकांच्या ग्रुपवर थोडी नाराजी झाली. ती मी वाचली आणि उत्तर दिलं नाही.

अनंत चतुर्दशीला इंदुरात रात्रभर झाक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. कापडगिरण्यांतून सुरू झालेली ही परंपरा. गिरण्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल तर १९९१ मध्येच, पण झाकी निघायची थांबली नाही. चौथी-पाचवीने शाळेच्या सामानाच्या हातगाडीवर आपली झाकी केली. बाप्पा, मागे खोक्यांची गिरणी, धुराड्यात कापूस. एका मुलीचे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते, ते येऊन बसले. त्यांनी झाकीपेक्षा मिलच्या भोंग्याचीच गोष्ट जास्त सांगितली, आणि भोंग्याचा आवाज काढून दाखवला. पुढचे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत शाळेत भोंगा वाजत होता. बसवलेला गणपती मातीचा. अंगणात बादलीत विसर्जन केलं आणि पाणी जुलैतल्या रोपांना घातलं.

मग संजा. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

माळव्यातल्या मुली भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत भिंतीवर शेणाची संजा काढतात आणि फुलापाकळ्यांनी सजवतात. रोजची आकृती वेगळी. बीजेला बिजोरा, चौथीला चौपड, पंचमीला पाच कुंवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, आणि शेवटी मोठा किलाकोट. माझ्या लहानपणी आमच्या शेजारच्या घरी निघायची आणि मी रोज जाऊन बसायचे. आता फ्लॅटच्या ऑइलपेंट लावलेल्या भिंतीवर शेण कोण थापू देणार? छापील कागदाची संजा बाजारात मिळते, ती दाराला चिकटवतात.

मी सूचना टाकली आणि लगेच एका वडिलांचा निरोप आला: श्राद्धपक्षात शाळेत सण कसा काय साजरा करता? त्यांचंही चूक नाही. मराठी घरांत या पंधरवड्यात नवं काही करत नाहीत, नारळसुद्धा फोडत नाहीत. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलीच्या माळवी आजीने नातीच्या आईच्या फोनवरून बोलून निरोप पाठवला. बेटा, संजा याच सोळा दिवसांत माहेरी येते, दुसऱ्या दिवसांत कुठून येणार? मी येऊ का शाळेत? वडिलांनी नमस्काराचं चिन्ह टाकलं. विषय मिटला.

त्या आजी रोज यायच्या. जागा ठरली पाण्याच्या टाकीमागची चुन्याची भिंत. शेण आमच्या शाळेतल्या मावशी गल्लीतल्या गोठ्यातून आणत. रोज एका वर्गाची पाळी, मधल्या सुट्टीत. रविवारची आकृती शनिवारीच, त्या दिवशीच्या आकृतीशेजारी काढायची. पहिल्या दिवशी शेणाला हात लावायला कुणी तयार नव्हतं, नाकं दाबून उभे. आजींनी काही समजावलं नाही. स्वतः खाली बसल्या, लांबट वळी करून भिंतीला लावत गेल्या. थोड्या वेळाने एक हात पुढे आला, मग गर्दी इतकी झाली की मला रांग लावावी लागली. फुलं घरांतून यायची: तेरडा, झेंडू, गुलबक्षी, कण्हेर. कण्हेरीचा चीक विषारी म्हणून ती मी दुसऱ्या दिवसापासून बंद केली. आदल्या दिवशीची संजा खरवडून खताच्या खड्ड्यात. आरती झाली की झाकलेला डबा हलवायचा आणि प्रसाद ओळखायचा.

अमावास्या रविवारी आली, म्हणून किलाकोट शनिवारी, २० सप्टेंबरला. त्याला सगळी शाळा लागली. सोमवारी घटस्थापना, आणि त्यानंतरच्या बालसभेत, २७ ला, भोंडला. पाटावर हत्ती काढला, भोवती फेर. गाणी मराठी, आणि मुलांत मराठी समजणारी अर्धीच. पण फेराला भाषा लागत नाही, आणि खिरापत ओळखायची म्हटल्यावर माळवी पोरी म्हणाल्या, हे तर संजाचंच! मुलगेही हट्टाने फेरात शिरले. खिरापत काय असेल यावर ‘गोड की तिखट’ विचारण्याआधीच दहा जणांनी ‘सेव’ म्हटलं. होती सांज्याची वडी. इंदुरात डब्यात सेव नाही हे पोरांना शेवटपर्यंत पटलं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर रजिस्टरप्रमाणेच केले. तिथे नवीन काही सुचलं नाही आणि सहामाही परीक्षाही होती. जानेवारीत थंडीच्या सुट्टीचा आदेश कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून संक्रांतीचं मैदानात लांबण लावलं नाही. मोठ्यांना गिल्ली-डंडा, तो इकडे संक्रांतीचाच खेळ. लहानग्यांना बोरन्हाण. बोरं, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून ओतल्या आणि बाकीच्यांनी वेचून खाल्ल्या. एका गुजराती आईने हलव्याचे दागिने पहिल्यांदा बघितले. कसे करतात ते विचारून गेली. मी सांगितलं खरं, पण हलव्याला काटा आणायला किती वेळ हलवत बसावं लागतं ते ऐकून तिने बाजाराचाच पत्ता घेतला.

मार्चमध्ये परीक्षा, त्यामुळे रंगपंचमीला मोठं काही करणं शक्यच नव्हतं. गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्यावर घरचे नेतातच. शाळेत फक्त पळसाची फुलं रात्रभर भिजवून रंग काढला, एक बादली, आणि कागदावर ठसे.

एप्रिलच्या नव्या सत्राचा तीन रकान्यांचा कागद आता भिंतीला लागलाय. या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढचं सगळं लांबलं. गणपती १४ सप्टेंबरला येतात, सोमवारी, म्हणजे हिंदी दिवसावरच. मॅडम म्हणाल्या, निबंध स्पर्धा शनिवारी १२ ला उरकून टाका. आणि माळवी आजींना आत्ताच सांगून ठेवा, त्या सप्टेंबरात गावी जायचं म्हणत होत्या.