सोयाबीनची मळणी आणि उद्याची पेरणी

आज दिवसभर सोयाबीनची मळणी केली. पुढच्या हंगामाच्या बियाण्यासाठी राखलेली गंजी सर्वांत शेवटी घेतली आणि तिच्यासाठी मळणीयंत्राची गती मिनिटाला 400 फेऱ्यांपर्यंत खाली आणायला लावली, कारण सोयाबीनच्या दाण्याचे टरफल इतके नाजूक असते की मार जास्त बसला तर वरून धड दिसणारा दाणाही उगवत नाही. यंत्रवाल्यांना घाई होती. तरीही मी हटलो नाही. तळहातावर घेतलेल्या मूठभर दाण्यांत डाळ झालेले दोनच निघाले, तेव्हा जिवात जीव आला. आमचे काळे रान अजून वाफशावर, म्हणजे पेरणीजोग्या ओलीवर आहे; ओल उडण्याआधी, उद्या पहाटेच रोटाव्हेटर फिरवून, ट्रायकोडर्मा ही रोगापासून राखणारी बुरशी चोळलेला हरभरा पेरणीयंत्राने 30 सेंटीमीटर अंतरावर पेरायचा आहे.