काजळी म्हणून खूण केलेला खांब

वेरूळच्या कैलास लेण्यातल्या एका खांबाचा जुना अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो) दस्तावेजीकरणासाठी आमच्याकडे आला. सोबतच्या अहवालात नक्षीपट्टीवरच्या काळ्या डागांभोवती वर्तुळं आणि शेरा: ‘काजळी, साफ करणे.’ प्रिंटवरूनच दगडाचं निदान करायची हौस हल्ली फार बोकाळली आहे.

असे प्रिंट काढायचे ते काचेच्या निगेटिव्हवरून. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने मांडलेल्या पद्धतीत काचेवर कोलोडियन हा चिकट द्रव ओतून ती ओली असतानाच फोटो घेतात, आणि त्या काचेला निळा-जांभळा आणि अतिनील प्रकाशच कळतो. गेरू, पिवळी माती काळी उतरते, आकाश पांढरंफेक. आणि कैलास एके काळी गिलावा देऊन रंगवलेलं होतं. त्याला ‘रंगमहाल’ उगाच म्हणत नव्हते.

प्रिंटच्या कोपऱ्यातल्या ओघळालाही वर्तुळ होतं! काच कोपऱ्यात धरून कोलोडियन ओततात, त्याची ती खूण. त्यातलं ईथर ३४.६ अंशांना उकळतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काच डेव्हलप करायच्या आतच सुकायला लागते आणि कडा बिघडतात.

त्याच जागेवरून आज फोटो घेऊन जुन्या प्रिंटशी ताडून बघायचं ठरवलं. तिपाईची परवानगी आल्यावर जुन्या कॅमेऱ्याची जागा शोधली. ज्या आडव्या थरांची वरची बाजूही दिसत नाही आणि खालचीही नाही, ते भिंगाच्या उंचीवर असतात. मागची मूर्ती पुढच्या खांबाच्या डावीकडून प्रिंटपेक्षा जास्त डोकावली, तर तिपाई उजवीकडे सरकवायची. अंतर ठरतं पुढच्या-मागच्या खांबांच्या रुंदीच्या प्रमाणावरून. वरचा भाग फ्रेममध्ये घ्यायला कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत कलतात आणि जुळवणी फसते. त्यासाठी शिफ्ट लेन्सच हवी, म्हणजे कॅमेरा न झुकवता वर सरकवता येणारं भिंग. दिवे बंद ठेवले, कारण पिवळ्या उजेडात निळा भाग फार थोडा. रंगपट्टी लावून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेतली आणि जुन्या काचेला दिसायचं त्याच्या जवळ जाणारा निळा चॅनल, म्हणजे फोटोतली फक्त निळ्या प्रकाशाची नोंद, संगणकावर वेगळा काढला.

बहुतेक डाग जुन्या प्रिंटसारखेच काळे आले. लाल चॅनलमध्ये तेच उजळ. म्हणजे उरलेला लाल रंग, आणि अहवालाप्रमाणे तो धुऊन टाकायचा होता. एक डाग तिन्ही चॅनलमध्ये काळा. ती काजळी असू शकते.

पट्टीच्या खालच्या टोकाचा डाग मात्र सुटत नाही. प्रिंटमध्ये तो ठळक काळा आहे, आज तिथे नुसता बेसॉल्ट. तिथला रंग झडला, की काजळी मधल्या काळात कुणी घासून काढली, हे निळ्या चॅनलवरून कळत नाही. छिन्नीच्या खाचांत रंगाचे कण उरलेत का, ते आता भिंगाखाली बघावं लागेल. तोवर नोंदीत ‘काजळी’ लिहायला मी तयार नाही.