अर्धी दाढी

काकांचा डावा गाल गुळगुळीत होता आणि उजव्या गालावर आठवडाभराचे पांढरे खुंट. घाईत निघाले असतील म्हणावं, तर डाव्या बाजूचं काम अगदी निगुतीनं केलेलं, हनुवटीच्या बरोबर मध्यावर येऊन थांबलेलं.

"मॅडम, ही दाढ काढायची आहे," खुर्चीत टेकता टेकताच ते म्हणाले. खालची, उजवीकडची. बोटानं दाखवलीही, पण बोट गालापासून इंचभर लांबच थांबलं. "बाकी काही तपासत बसू नका. सगळं तपासून झालंय. पिशवीत एक्स-रे आहेत, ते बघा आणि काढून टाका."

दातांच्या डॉक्टरकडे माणसं दुखणं घेऊन क्वचितच येतात. बहुतेक जण काम घेऊन येतात. हे भरा, ते काढा, इथे कॅप बसवा. कितीदा तरी त्यांचं बरोबरही असतं, आणि बाहेर पाच माणसं ताटकळत असताना 'असेल बरोबर' म्हणून पुढे जाणं आम्हालाही सोयीचं पडतं. या सोयीपायी काकांच्या दोन दाढा गेल्या होत्या. वरची एक, खालची एक, दोन्ही उजव्या. वरच्या आणखी एका दाढेचं रूट कॅनॉल झालेलं, तिच्यावर कॅपही चढलेली. आता ज्या दाढेकडे ते बोट दाखवत होते, ती चांगली धडधाकट दिसत होती.

एक्स-रे उजेडात धरले. मुळांशी काही नाही, हाड शाबूत, कीड नाही. आरशाच्या दांड्यानं दाढेवर हलकेच ठोकून पाहिलं, काका निवांत. थंड लावलं, क्षणभर गार लागलं आणि बोळा काढताच थांबलं. निरोगी दाढ अशीच वागते. जिची नस सुजलेली असते ती थंड काढल्यावरही ठणकत राहते, आणि जिच्या मुळाशी पू असतो तिच्यावर ठोकलं की माणूस खुर्चीतून उठतो.

मग ओठाच्या कडेला आलेलं पाणी टिपायला मी गॉजचा तुकडा पुढे नेला. तो नाकपुडीच्या खाली, वरच्या ओठाला टेकला न टेकला, आणि काका थिजले. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळलेले, अर्धा चेहरा आत ओढला गेलेला. तोंडातून आवाज नाही. माझी असिस्टंट एक पाऊल मागे सरली. काही सेकंदांत सगळं ओसरलं आणि काका पुन्हा पहिल्यासारखे बसले.

"पाहिलंत?" डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून ते म्हणाले. "ही दाढ."

मी तेव्हा दाढेला हातही लावलेला नव्हता.

हत्यारं ट्रेमध्ये ठेवली, खुर्ची सरळ केली, मास्क उतरवला. आमच्या धंद्याची एक मूळचीच अडचण आहे: ज्याला बोलायचं असतं त्याचंच तोंड आम्ही पहिल्या मिनिटात अडवून ठेवतो. आडवा पडून, गालात कापूस धरून कोण काय सांगणार?

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

"कुठल्या डॉक्टरांपासून?"

"डॉक्टर राहू द्या. पहिल्यांदा झालं तिथपासून."

हा प्रश्न त्यांना अवघड गेला. आपल्या दुखण्याचा हिशेब ते आता डॉक्टरांवरूनच ठेवत होते.

1984 साली बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली होती. रुग्ण तक्रार सांगायला लागल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात, असं त्यांना दिसलं. पुढे 2002 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या एका बाह्यरुग्ण विभागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे डॉक्टरांना मध्ये बोलायचं नाही असं बजावून गुपचूप घड्याळ लावलं होतं. रुग्णांचं बोलणं सरासरी 92 सेकंदांत आपलं आपणच संपलं. दीड मिनिट! काकांना थोडा जास्त वेळ लागला, कारण मध्ये एकदा ते बोलता बोलता थबकले आणि हात वर करून मला थांबायची खूण केली.

पहिला झटका ब्रश करताना आला. करंट बसल्यासारखा, एक सेकंद, दोन सेकंद. मग दिवसभर काही नाही. ब्रश करताना आला म्हणजे दाताचाच, म्हणून नेहमीचे दातांचे डॉक्टर. तोच दाढी करताना आला असता तर काका बहुधा त्वचेच्या डॉक्टरकडे गेले असते, आणि कानाजवळ आला असता तर कानाच्या. माणूस आधी दार निवडतो, मग त्या दाराला शोभेल अशी तक्रार तयार करतो. आत गेल्यावर 'चेहऱ्याला वारा लागला की काहीतरी होतं' असं तो सांगत नाही. 'दाढ दुखते' असं सांगतो. दातांच्या डॉक्टरला मग दाढच दिसते.

नेहमीच्या डॉक्टरांनी रूट कॅनॉल केलं आणि दुखणं थांबलं. काही आठवडे अगदी छान गेले. परत सुरू झालं तेव्हा त्यांच्याकडे जायला काकांना संकोच वाटला, "एवढं केलं त्यांनी, वाईट वाटेल." म्हणून दुसरे डॉक्टर, इंटरनेटवर सगळ्यात जास्त तारे असलेले. तिथे एक दाढ गेली. तिसऱ्यांचं नाव साडूंनी सुचवलं, हात फार हलका म्हणून. तो होताच हलका, दाढ काढलेली कळलीसुद्धा नाही म्हणे. झटके मात्र राहिले.

"या तिघांना एकमेकांचं माहीत होतं?" मी विचारलं.

"छे! आधीच्या डॉक्टरचं नाव काढलं की पुढच्याचा चेहरा बदलतो. तुमचाही आत्ता बदलला."

बदलला असेल. सगळीकडे नवा केसपेपर निघाला आणि प्रत्येकानं आपल्यासमोरच्या एका दाढेची गोष्ट ऐकली. सलग गोष्ट फक्त काकांकडे होती, आणि ती त्यांना कुणी विचारली नव्हती. काकूंकडेही होती म्हणा, पण काकूंना ते दर वेळी बाहेर बसवून येत. मी त्यांना आत बोलावलं.

"रात्री उठवतं का यांना?"

"रात्री? घोरतात की." काकूंनी क्षणाचाही विचार केला नाही. "दिवसा मात्र तोंड धुवायला घाबरतात. उजव्या बाजूला पाणी लावत नाहीत, दाढी नाही, डोक्यावरून सदरा घालताना तर बघवत नाही. मी म्हणत होते डॉक्टरांना सांगा, तर म्हणतात, दाताच्या डॉक्टरला सदऱ्याचं काय सांगायचं?"

नसेची सूज आलेली दाढ रात्री, आडवं पडल्यावर जास्त छळते. जे रात्री सुखानं झोपू देतं आणि दिवसा सदऱ्याच्या कापडानं पेटतं, ते दाढेत नसतं. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस, ट्रायजेमिनल, तिचा हा आजार. अनेकदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी या नसेवर टेकलेली असते. नसेचं आवरण तिथे झिजतं आणि साधा स्पर्शही वेदनेचा झटका होऊन वर जातो. पन्नाशीनंतर जास्त दिसतो, उजव्या बाजूला जास्त, आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला शिवतही नाहीत. जॉन फॉदरगिल या इंग्रज डॉक्टरनं 1773 साली त्याचं सविस्तर वर्णन केलं होतं. म्हणजे आजार नवा नाही. पण वर्षाला लाख माणसांमागे साधारण 4 ते 13 नवे रुग्ण निघतात, त्यामुळे एखाद्या दंतवैद्याला वर्षानुवर्षं एकही भेटत नाही.

आधीच्या तिघांना नुसतं नावं ठेवून चालणार नाही, कारण हा आजार दातांच्या डॉक्टरला फसवण्यात पटाईत आहे. संशय असलेल्या दाढेजवळ बधिर करायचं इंजेक्शन दिलं की झटके थांबतात. डॉक्टरला वाटतं, सापडली दाढ! प्रत्यक्षात ज्या जागेला स्पर्श झाल्यानं झटका सुटतो ती जागाच बधिर झालेली असते. शिवाय आजार मधूनच आठवडे, कधी महिने आपोआप गप्प बसतो, आणि तो नेमका उपचारानंतर गप्प बसला की श्रेय रूट कॅनॉलला जातं. इतपत चूक मला समजते. दुसरी दाढ काढताना मात्र पहिली का गेली होती, हे विचारायला हवं होतं. जागा रिकामी दिसतच होती.

"म्हणजे काढणार नाही तुम्ही?" काकांचा आवाज चढला.

"नाही."

"माझी दाढ, मी पैसे देतोय. तुम्ही नाही तर दुसरं कुणी काढेल."

"काढेल," मी म्हटलं, "आणि कदाचित दोन महिने तुम्हाला बरंही वाटेल. मग परत सुरू होईल, आणि तुम्ही शेजारच्या दाढेकडे बोट दाखवाल."

नसा, रक्तवाहिन्या, फॉदरगिल यांतल्या कशानंही ते बधले नव्हते. या वाक्यावर मात्र त्यांनी काकूंकडे पाहिलं. हे त्यांच्या बाबतीत आधी घडून गेलेलं होतं, आणि मला ते न सांगता कळलं होतं.

न्यूरॉलॉजिस्टसाठी पत्र लिहायला घेतलं. 'दाढदुखी, मत कळवावे' एवढं लिहिलं असतं तर काकांना तिथेही पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. म्हणून त्यांच्याच तोंडची तक्रार लिहिली: उजवी बाजू, करंटसारखी, काही सेकंद, स्पर्शानं सुरू होते, रात्री नाही, कोणत्या दाढांचं काय झालं, आज दवाखान्यात माझ्या डोळ्यांदेखत आलेला झटका. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. "पंख्याचा वारा लिहा," काका म्हणाले. लिहिला.

"यातला चांगला डॉक्टर कोण?" हा पुढचा प्रश्न, आणि या प्रश्नाला तारे फारसे उपयोगी पडत नाहीत. तारे बहुतेक वेळा थांबायला किती लागलं आणि डॉक्टर गोड बोलले का, यावर पडतात. या आजाराचे रुग्ण तुमच्याकडे नियमित येतात का, असं दवाखान्यात फोन करून सरळ विचारावं. मी तसाच केला, काकांसमोर, आणि येतात असं उत्तर मिळाल्यावरच वेळ घेतली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण थोड्याच दिवसांनी काका परत माझ्याकडे. हातात गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद.

"त्यांनी मला फिट्सचा पेशंट केलंय. बंद केली मी गोळी."

कार्बामाझेपिन. कागदावर फिट्सचं लिहिलेलं होतंच. फिट्ससाठी आलेलं हे औषध या वेदनेवर चालतं, हे 1962 साली स्वीडनमध्ये ब्लोम यांनी दाखवलं, आणि आजही सुरुवात बहुधा त्याच्यापासूनच होते. न्यूरॉलॉजिस्टनी हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं असेलही. काकांना फक्त 'हळूहळू वाढवा' एवढं आठवत होतं.

"गोळी घेत होता तेव्हा झटके?"

"कमी होते," ते नाइलाजानं म्हणाले. "पण गरगरतं."

"हे त्यांना विचारलंत?"

"त्यांच्याकडे किती गर्दी असते!"

म्हणून माझ्याकडे आले होते. माझ्याकडे गर्दी नसते असं त्यांचं मत झालं असावं. मनानं बंद करायची ही गोळी नव्हे, आणि मनानं परत सुरू करायचीही नव्हे, एवढं सांगून मी तिथूनच त्यांना फोन लावून दिला. बोलले काकाच. न्यूरॉलॉजिस्टनी डोस बदलला, रक्तातलं सोडियम तपासायला सांगितलं, कारण या औषधानं ते उतरू शकतं, आणि अंगावर पुरळ दिसलं तर त्याच दिवशी कळवायला बजावलं. पुरळाची भीती खरीच असते. विशिष्ट जनुक असलेल्या काही आशियाई वंशाच्या लोकांत या औषधानं त्वचेचा जीवघेणा आजार होऊ शकतो. काकांची ती चाचणी गोळी सुरू करण्याआधीच झाली होती. कशाची, ते मात्र त्यांना माहीत नव्हतं. "घेतलं होतं रक्त कशाला तरी."

एमआरआयमध्ये नसेला टेकलेली रक्तवाहिनी दिसली. गोळीनं भागलं नाही तर शस्त्रक्रियेनं ती नसेपासून अलग करता येते. पीटर जॅनेटा यांनी 1960च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली ती करायला सुरुवात केली. काकांना इतक्यात नको आहे. झटके आता अधूनमधून येतात, सौम्य येतात, आणि दोन्ही गालांची दाढी होते.

सध्या वाद गेलेल्या दाढांवरून चालू आहे. त्यांना इम्प्लांट हवेत, लगेच. मी म्हणते, डोस काही महिने स्थिर राहू दे, त्याच बाजूला आत्ताच ड्रिल नको. परवा बराच वेळ चुळबुळ करून त्यांनी विचारलं, आणखी एकाचं मत घेतलं तर चालेल का, राग तर नाही ना येणार. मी सगळे एक्स-रे, एमआरआयच्या रिपोर्टची प्रत आणि नवं पत्र त्यांच्या हातात दिलं. काकूंनी ते तिथेच उघडून वाचलं आणि माझ्यापुढे परत ठेवलं.

"पंख्याचा वारा राहिला."