‘खेळण्यातील विमान’: एका परवानगीचा माझा अनुभव

परवानगी मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या पत्रात मी घरी बनवलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या विमानाला ‘खेळण्यातील विमान’ म्हटलंय, आणि ते अजून डोक्यातून जात नाही. चार महिने रात्री जागून फोम कापला, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बसवले, दोनदा नाक मोडून पुन्हा जोडलं. सव्वा मीटर पंख, बॅटरीसकट वजन 1,150 ग्रॅम.

निमित्त होतं 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचं. मालवण तालुक्यातल्या एका शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावर, मुलांना विमान उडवून दाखवायचं होतं. हेडमास्तर म्हणाले, “माझी ना नाही, पण लेखी काहीतरी आणा.” विमानाचा नोंदणी क्रमांक आधीच काढलेला होता, फी 100 रुपये, त्यात सांगण्यासारखं काही नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर सडा हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा दिसला. चिपी विमानतळाच्या कुंपणापासून तो आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात येतो, म्हणून तिथे 400 नाही, 200 फुटांचीच मुभा. आम्हाला शंभर फूट पुष्कळ होते.

आणि मग लेखी परवानगीसाठी ते सरकारी कार्यालय.

पहिल्या फेरीत साहेब मिटिंगला. दुसऱ्या फेरीत साहेब होते, पण टेबलावरचे भाऊ म्हणाले, “ड्रोनक बंदी असा.” आदेश दाखवा म्हटलं. दहा मिनिटं फाइल चाळल्यावर निघाला, तर त्याची मुदत महिन्यापूर्वीच संपलेली. बंदी कायमची नसते हो! ड्रोन नियमांत तात्पुरत्या रेड झोनची, म्हणजे उड्डाणबंदीच्या पट्ट्याची, मर्यादा 96 तासांची आहे आणि तो जाहीर करायलाही पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी लागतो. जमावबंदीच्या कलमाखालचे आदेश वेगळे, पण त्यांवरही शेवटची तारीख छापलेली असते. ती आधी वाचा. मी दुसऱ्या फेरीला वाचायला शिकलो.

मग पायलटचं लायसन मागितलं. दोन किलोपर्यंतचं, धंद्यासाठी न उडवलेलं असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. छापील नियम पुढे केले. भाऊंनी कागद उलटा करून पाठ बघितली, जणू खरा मजकूर तिकडेच असणार. “ह्या इंटरनेटवरचा. आमका वरसून काय इला नाय.”

त्यांच्या छापील नमुन्यात एक रकाना होता, ‘ड्रोन कंपनीचे नाव’. मी ‘स्वतः’ असं लिहिलं. अर्ज परत. दुसरा रकाना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचा. मी ‘नाही’ लिहिलं. अर्ज पुन्हा परत, रकाना अपूर्ण म्हणून.

त्यांचाही सगळाच दोष नाही म्हणा. जानेवारी 2025 पासून मत्स्य विभाग बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवतोय. तेव्हापासून किनाऱ्यावर आकाशात काही घरघरलं की माणसं आधी विचारतात, कोणाचा कॅमेरा?

चौथ्या फेरीला मी विमानच घेऊन गेलो. हीच खरी युक्ती, पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पंख काढून एसटीत मांडीवर ठेवलं, सोबत घरचा वजनकाटा. (विमानाची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी वेगळ्या डब्यात, टोकांना टेप लावून. गाडीच्या डिकीत उन्हात कधीच ठेवू नका.) टेबलावर काटा मांडला, विमान ठेवलं, अख्खं कार्यालय गोळा झालं. साहेब बाहेर आले. खालून, वरून, पोटाखालून पाहून म्हणाले, “कॅमेरो खंय?”

“नाही, साहेब.”

“मग उडवतास कित्याक?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. पण त्यांचा चेहरा सैल झाला. कॅमेरा नाही म्हणजे ड्रोन नाही, ड्रोन नाही म्हणजे खेळणं, आणि खेळण्याला पत्र द्यायला त्यांना वीस मिनिटं लागली. नियमांत ‘मॉडेल’ अशी वेगळी व्याख्याच आहे, 25 किलोपर्यंत, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं. जुलै 2021 मध्ये मसुद्यावर सूचना मागवल्या तेव्हा आमच्या चौघांच्या गटानेही मेल केला होता, छंदवाल्यांना डिलिव्हरीवाल्यांच्या रांगेत उभं करू नका म्हणून. 25 ऑगस्टला नियम आले, त्यात ती व्याख्या पाहून आम्ही चहा मागवला होता. ते सगळं साहेबांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पत्र हातात होतं.

अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का पहिल्याच दिवशी मारून घ्या, हे राहिलंच सांगायचं. माझ्या पहिल्या दोन फेऱ्यांचा कुठेच पुरावा नाही.

आणि वेळ स्वतः लिहा. मी रकाना कोरा ठेवला, त्यांनी ‘सकाळी 11 ते 12’ भरलं. सड्यावर सकाळी आठला पान हलत नाही. आठलाच मुलं घेऊन पोहोचलो आणि तीन तास तापत्या कातळावर विमान धरून बसलो. अकराला खारा वारा सुरू झाला. पहिलं उड्डाण निभावलं. दुसऱ्याला उतरताना वाऱ्याने शेपूट उचललं आणि विमान करवंदीच्या जाळीत. पोरं धावली. हेडमास्तर छत्रीखालून म्हणाले, “त्या पत्राची झेरॉक्स तेवढी द्या, फाइलला लावायची आहे.”