शिकार संपली, दुकान चालूच

ग्वाल्हेरात बंदुकीचं दुकान म्हटलं की कुणी दचकत नाही. माझी पुण्याची वहिनी दचकते. इथल्या लष्कर भागातल्या बाजारात साड्यांच्या दुकानांच्या रांगेत मधेच बंदुका, आणि बाहेर बाकावर चहा पीत बसलेले मिशाळ दादा, हे तिला सिनेमातलं वाटतं. आम्हाला लहानपणापासून सवय. बाबांची दुनळी बाराबोर होती. ते गेल्यावर ती नियमाप्रमाणे दुकानात जमा केली, तेव्हापासून माझ्या खेपा चालू आहेत.

बाबा ज्या दुकानाच्या गोष्टी सांगायचे ते याच जागी होतं, पण तिथलं गिऱ्हाईक निराळं. काडतुसं आतल्या छऱ्यांच्या नंबरावर मागायची: तितराला सहा, बदकाला चार, रानडुकराला एलजी, म्हणजे जाड छरे. त्याच काचेच्या कपाटात खालच्या फळीवर गळ, तंगूस, शिशाची वजनं. कारण थंडीत बदकांमागे जाणारा माणूसच एरवी तिघऱ्याच्या तलावाकाठी गळ टाकून बसायचा. तलावाचं पाणी कुठवर उतरलंय, कुठल्या गावचा पटेल रात्री खाट देईल, सगळी खबर त्या बाकावर मिळे. खरेदी दहा मिनिटांची, बैठक दोन तासांची. आई म्हणायची, बाबा सामान आणायला जात नाहीत, गप्पा मारायला जातात.

मग 1972 चा वन्यजीव कायदा आला. दुकानाला एकदम टाळं लागलं नाही. वाघ हातचा गेला, पण काही पाखरं, ससे परवान्यावर मारता येत. 1991 च्या दुरुस्तीनं ती वाटही मिटली. संस्थानच्या काळात बड्या इंग्रज पाहुण्यांना शिवपुरीच्या ज्या जंगलात वाघ मारायला न्यायचे, ते मार्च 2025 मध्ये माधव व्याघ्र प्रकल्प झालं. हे उत्तमच झालं. बाबांनाही शिकार सुटल्याचं दुःख नव्हतं. बाक सुटल्याचं होतं.

शिकार गेल्यावर दुकानं बसायला हवी होती. झालं उलटंच. भिंड-मुरैना शेजारी, चंबळच्या घळींचं बीहड, डाकूंची भीती, जमिनीचे तंटे. बंदूक घरात हवीच. पुढे भीती ओसरली, पण तोवर बंदूक म्हणजे नोकरी झाली. लायसन असलं की बँकेच्या दारात, कुठल्यातरी शेठच्या गाडीत गनमॅन म्हणून चिकटता येतं, आणि इकडची कितीतरी पोरं दिल्ली-गुजरातपर्यंत त्यावरच पोट भरतात. त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. राग येतो तो वरातीत खांद्यावर बंदूक मिरवणाऱ्यांचा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं असल्या बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय, तरी लग्नसराईत मी गच्चीवर जात नाही. त्याच वर्षी इथल्या कलेक्टरांनी फर्मान काढलं की लायसन हवं तर आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्यासोबतचा फोटो दाखवा. बाबा ऐकून खो खो हसले होते.

आता त्या काचेच्या कपाटात चामड्याचे पट्टे, होल्स्टर, टॉर्च, मिरचीचा स्प्रे. गळ-तंगूस गायब. मासे धरणारी पोरं रीळ मोबाइलवरून मागवतात. गेल्या खेपेला मी मुद्दाम सहा नंबर विचारला. दुकानदार, बाबांच्या दोस्ताचा मुलगा, हसला. "जिज्जी, अब चिड़िया का माल कौन पूछता है?" त्याने एलजीचा डबा पुढे सरकवला. शक्तिमान छाप, बुडाशी पितळेवर के. एफ. ही अक्षरं, म्हणजे खडकीचा कारखाना. वहिनी खडकीच्या पलीकडेच राहते आणि दचकते मात्र ग्वाल्हेरला येऊन!

त्याचा खरा धंदा आता सांभाळण्याचा आहे. निवडणूक लागली की लायसनवाल्यांना हत्यारं ठाण्यात नाहीतर दुकानात जमा करावी लागतात. तेव्हा मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, प्रत्येक नळीला सुतळीनं नावाची चिठ्ठी. बाबांची बंदूक त्याने माझ्यासमोर मोडून उघडली, नळ्या ट्यूबलाइटकडे धरून एक डोळा मिटला, आणि म्हणाला, अंदर साफ है, चाचाजी तेल देते थे. दसऱ्याला शस्त्रपूजा असायची ना आमच्याकडे, त्याआधी गज फिरवल्याशिवाय बाबा तिला पाटावर ठेवत नसत. दस्त्याच्या खाचेत जुनं कुंकू अजून आहे.

तिचं करायचं काय, हा प्रश्न आहे. वारसाच्या नावावर लायसन होऊ शकतं, पण भाऊ म्हणतो पुण्याच्या फ्लॅटमध्ये बंदूक कुठे ठेवू. विकायची तर लायसनवालाच हवा, आणि ज्यांना हवी त्यांना दुनळी नको, रिव्हॉल्वर हवी. दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून मी उठूनच आले. भाऊ दिवाळीत येईल तेव्हा कागदांवर सह्या होतील. तोवर तिचं महिन्याचं भाडं माझ्या पेन्शनमधून.