ओहायोत लग्नाचं लायसन्स: एक शुक्रवार आणि दोन काउंट्या

ज्यासाठी लिहायला बसले ते आधी सांगते. ओहायोत लग्न करायचं असेल आणि तुम्ही दोघंही त्या राज्याचे रहिवासी नसाल, तर लायसन्स, म्हणजे लग्नाआधी घ्यायची परवानगी, जिथे लग्न लागणार त्याच काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टातून काढावं लागतं. भाऊ ज्या काउंटीत राहतो तिथून मिळत नाही, हॉटेल जिथे घेतलंय तिथूनही नाही. हॉलच्या पत्त्यात कुठल्या शहराचं नाव छापलंय यावर तर अजिबात जाऊ नका. (दोघांपैकी एकजण जरी ओहायोचा असेल तर त्याच्या राहत्या काउंटीतून काढायचं.) एवढं कुणी मला वेळेवर सांगितलं असतं, तर लग्नाच्या आदल्या दिवशीची ती धावपळ झाली नसती. ज्या बाईंनी सांगायला हवं होतं त्यांनी चुकीचं सांगितलं, आणि त्याचे दोनशे डॉलर घेतले.

आम्ही दोघं इंडियानापोलिसला राहतो. दादा-वहिनी कोलंबसला. आई नागपूरहून त्यांच्याकडे आली होती, म्हणून लग्न कोलंबसलाच करायचं ठरलं. हॉल शहराच्या अगदी उत्तर टोकाला, पोलारिसच्या बाजूला, पण पत्त्यावर स्वच्छ ‘कोलंबस, ओहायो’. सजावट आणि जेवण बघणाऱ्या इव्हेंटवाल्या बाईंच्या पॅकेजमध्ये ‘लायसन्स आणि कागदपत्रांची मदत’ अशी वेगळी ओळ होती. या मदतीत मिळालं काय, तर एक ईमेल. कोलंबस म्हणजे फ्रँकलिन काउंटी, शुक्रवारी जाऊन या, पासपोर्ट न्या. बस. मी विश्वास ठेवला. नकाशावर काउंटीची हद्द बघायचं मला सुचलं नाही, आणि ते तुम्ही मात्र नक्की बघा. कोलंबस शहर एकाच काउंटीत मावत नाही. बराचसा भाग फ्रँकलिनमध्ये, पण उत्तरेची कड डेलावेअर काउंटीत जाते. आमचा हॉल त्या कडेवर, हद्दीच्या पलीकडे होता.

इंडियानापोलिसहून आय-सत्तर हायवेने सरळ तीन तास. त्यात सांगण्यासारखं काही नाही, रस्ता चांगला आहे. डाउनटाउनला पार्किंग शोधून कोर्टात शिरेपर्यंत दोन वाजले. दारात विमानतळासारखी तपासणी असते. आई हौसेने बरोबर आली होती, आणि तिच्या पिशवीत उद्यासाठीच्या सुपाऱ्या नि अडकित्ता. अडकित्ता आत नेऊ देत नाहीत. तो गाडीत ठेवून परत येण्यात पंधरा मिनिटं गेली, आणि पुढे त्या पंधरा मिनिटांची किंमत कळली. कोर्टात जाताना पिशवी रिकामी करून जा.

ओहायोत लग्नाचं लायसन्स देतं ते प्रोबेट कोर्ट. म्हणजे मृत्युपत्रं, वारस, मयताची मालमत्ता बघणारं कोर्ट. दारावरची पाटी वाचून आई थबकलीच, आपण चुकीच्या ठिकाणी तर नाही ना आलो. चुकीचं नव्हतं. ओहायोच्या 1851 च्या राज्यघटनेने तिथे प्रोबेट कोर्टं आली आणि तेव्हापासून लग्नाच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत.

खिडकीवरच्या क्लार्क बाईंनी पासपोर्ट घेण्याआधीच विचारलं, लग्न नेमकं कुठे लागणार? मी हॉलचा पत्ता दिला. त्यांनी तो टाइप केला, स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, हे डेलावेअरला आहे, मी तुम्हाला लायसन्स देऊ शकत नाही. घड्याळात दोन चाळीस, शुक्रवार. उद्या सकाळी सव्वादहाचा मुहूर्त, आणि शनिवारी कोर्ट बंद.

त्या बाईंचे माझ्यावर उपकार आहेत. नियम त्यांना बदलता येत नव्हता, पण त्यांनी एक प्रश्न जास्तीचा विचारला: लग्न कोण लावणार, आणि त्यांची ओहायोत नोंदणी आहे का? आमचे गुरुजी शिकागोहून येणार होते. वीस वर्षं अमेरिकेत लग्नं लावतायत. गाडीत बसल्याबसल्या त्यांना फोन केला. नोंदणी नव्हती. शांतपणे म्हणाले, आजवर कुणी विचारलं नाही.

ओहायोत लग्न लावणाऱ्या धर्मगुरूकडे, मग तो पाद्री असो वा पुरोहित, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा (राज्य सरकारातला नोंदी-परवाने बघणारा अधिकारी) परवाना लागतो. फी दहा डॉलर आहे, पण परवाना हातात यायला वेळ जातो. आदल्या दिवशी होणारं हे काम नाही. परवाना असलेला पुरोहित नसेल तर न्यायाधीश किंवा शहराचा मेयर लग्न लावू शकतो. बाहेरच्या राज्यातून गुरुजी आणत असाल तर आमंत्रणाआधी त्यांना हा प्रश्न विचारा. नुसतं ‘हो हो, आहे’ ऐकून थांबू नका, परवान्याचा फोटो मागवा.

आता तो रस्ता. डाउनटाउनपासून डेलावेअर गावापर्यंत यूएस तेवीस हा हायवे. नकाशा पाऊण तास म्हणतो. शुक्रवारी दुपारी तो पाऊण तास नसतो. सिग्नल, मॉल, सिग्नल, पेट्रोल पंप, पुन्हा सिग्नल, आणि प्रत्येक सिग्नलला डावीकडे वळणाऱ्यांची रांग. होणारा नवरा गाडी चालवत होता. मी मागे बसून एका हाताने डेलावेअर कोर्टाच्या साइटवरचा अर्ज भरत होते, दुसऱ्या हाताने दादाला फोन लावत होते की कोलंबसमध्ये नोंदणी असलेले गुरुजी शोध, आत्ताच्या आत्ता. आई पुढे बसून एक शब्द बोलली नाही. तिने फक्त एसी कमी केला. आजही तेवीस नंबरचा बोर्ड दिसला की माझ्या पोटात कालवतं. शुक्रवारी दुपारी या कामाला जाऊ नका. शक्य असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी जा, आणि लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी जा. लायसन्स साठ दिवस चालतं आणि ओहायोत थांबायची मुदत नाही, त्याच दिवशी हातात मिळतं. लवकर काढून ठेवण्यात काहीच तोटा नाही. ‘आदल्या दिवशी सहज होतं’ असं सांगणाऱ्या कुणाचंही ऐकू नका.

चारला दहा कमी असताना आम्ही खिडकीपाशी होतो.

अर्जात काय विचारतात ते नीट वाचून जा, कारण आपल्या लोकांची अडचण तिथे होते. दोघांची नावं, वय, पत्ता, जन्मस्थळ, व्यवसाय, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं नाव आणि लग्न कोण लावणार. आईच्या माहेरच्या नावाशी मी अडले. आईच्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं होतं. आडनावाबरोबर पहिलं नावही बदललं. माझ्या पासपोर्टवर आईचं सासरचं नाव आहे. मग लिहायचं कोणतं? क्लार्क म्हणाली, जन्मापासून लग्नापर्यंत जे होतं ते. आईला विचारलं. तिने पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं एका दमात, शाळेच्या हजेरीत सांगतात तसं सांगितलं. मला स्पेलिंग विचारावं लागलं. आईच्या जुन्या नावाचं स्पेलिंग मला येत नव्हतं.

आणि दुसरं. माझं हे दुसरं लग्न. आधी घटस्फोट झाला असेल तर ओहायोत आधीच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, कुठल्या कोर्टात, कुठल्या तारखेला आणि केस नंबर काय, हे सगळं अर्जात भरावं लागतं. अल्पवयीन मुलं असतील तर त्यांची नावंही. डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या हुकुमाची, प्रमाणित प्रत बरोबर ठेवा. माझी नागपूरच्या कुटुंब न्यायालयाची, मराठीत. इंग्रजी भाषांतर मी दोन महिने आधी, भाषांतरकाराच्या सही-प्रमाणपत्रासकट करून घेतलं होतं. या सगळ्या प्रवासात वेळेवर आणि नीट केलेलं माझं हे एकच काम. क्लार्कने भाषांतर बाजूला ठेवून आधी मूळ मराठी कागद उलटला, शिक्क्यावर बोट ठेवून तारीख जुळवली, आणि मग केस नंबर मोठ्याने वाचून मला म्हणाली, बरोबर? होणारा नवरा शेजारी, आई मागच्या बाकावर, आणि सात वर्षांपूर्वीचा तो नंबर एका परक्या उच्चारात. मी हो म्हटलं. ज्यांना यातून जायचंय त्यांना सांगते, हा प्रश्न येणार हे मनाशी धरूनच आत जा. विचारणारीच्या आवाजात काहीही नसतं, तिच्यासाठी तो एक रकाना आहे.

मग शपथ, सही, फी. ओहायोत फी काउंटीप्रमाणे बदलते, साधारण 40 ते 75 डॉलरच्या दरम्यान. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, रोख न्या. रक्ततपासणी नाही. साक्षीदारही लागत नाहीत. दादाचे सासरे साक्षीदार म्हणून घरी आधार कार्ड काढून तयार बसले होते, त्यांना फोन करून नको सांगितलं. आपल्याकडे तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, लग्नातला फोटो असं सगळं लग्नानंतर नोंदणीच्या वेळी लागतं. तिथे उलट आहे, आधी परवानगी, मग लग्न. त्यामुळे लायसन्स मिळालं म्हणजे लग्नाचा दाखला मिळाला, असं समजू नका. तो दाखला नाही. अनेकजण इथेच फसतात.

इथेच एक गोष्ट खडसावून सांगते. भारतात सप्तपदी झालेली असेल तर नोंदणी राहून गेली तरी हिंदू विवाह कायद्याने तुमचं लग्न झालेलं आहे. ‘इथला कागद सोपा पडतो’ म्हणून अविवाहित असं शपथेवर लिहून अमेरिकेत दुसरं लायसन्स काढू नका. व्हिसाच्या कागदांत दोन लग्नतारखा आल्या की निस्तरताना नाकी नऊ येतात. पुण्या-नागपूरच्या महापालिकेत उशिरा का होईना, नोंदणी करून घ्या.

दादाला संध्याकाळी सात वाजता नोंदणी असलेले गुरुजी मिळाले. दोन्ही गुरुजींनी मिळून लग्न लावलं, कागदावर सही नोंदणीवाल्यांची. लग्न छान झालं.

पण काम संपलं नव्हतं. लग्न लावणाऱ्याने सही केलेलं प्रमाणपत्र तीस दिवसांत कोर्टाला परत पाठवायचं असतं. ते पोचलं की मगच नोंद होते. हॉलमध्ये सोनेरी किनारीचं सुंदर सर्टिफिकेट मिळतं, ते भिंतीवर लावा, कायद्याने त्याला किंमत नाही. एकविसाव्या दिवशी मी कोर्टात फोन केला तर नोंदच नाही. नोंदणीवाल्या गुरुजींना फोन केला. पाकीट त्यांच्या पूजेच्या पिशवीत, पळी-पंचपात्राच्या खाली, तसंच होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः जाऊन दिलं. त्यापेक्षा लग्नाआधीच कोर्टाचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट तयार ठेवा आणि मंडपातून उठल्याउठल्या आपल्याच माणसाच्या हातात द्या.

लग्नाच्या नोंदीची प्रमाणित प्रत म्हणजे शिक्का आणि सही असलेली प्रत. ती फक्त त्याच काउंटीच्या प्रोबेट कोर्टातून मिळते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे नुसता गोषवारा असतो, तो इथे कामाचा नाही. इंटरनेटवर शोधलंत तर सगळ्यात वर खाजगी साइट येतात. दिसायला सरकारी, प्रतीचे साठ-सत्तर डॉलर मागतात. मला कोर्टात एका प्रतीचे दोन डॉलर पडले. दोन. मी चार घेतल्या. त्या साइटचा संताप अजून गेलेला नाही, कारण आमच्या ओळखीत तिघांनी तिथे पैसे भरले आहेत.

भारतात वापरायची असेल तर त्या प्रतीवर अपोस्टिल घ्या, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे वेगळं कॉन्सुलेटचं साक्षांकन लागत नाही. अपोस्टिल सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात, कोलंबसमध्येच, कागदामागे पाच डॉलर. एजंट याच कामाचे दीडशे-पावणेदोनशे सांगतात. ताजी, मूळ शिक्क्याची प्रत न्या. लॅमिनेट करू नका, स्टेपल काढू नका, झेरॉक्स चालत नाही.

या नोंदी तिथे सार्वजनिक असतात. मी प्रती घ्यायला गेले तेव्हा शेजारच्या टेबलावर एक आजोबा पणजोबांचं लग्न शोधत होते. समोर हाताने लिहिलेलं जाडजूड रजिस्टर, शाई तपकिरी झालेली. नातं सिद्ध करा असं त्यांना कुणी म्हटलं नाही. जुन्या नोंदींपैकी पुष्कळ फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघायलाही मिळतात. म्हणजे माझा केस नंबरही कुणीही उघडून वाचू शकतं. सुरुवातीला ते बोचलं. त्या आजोबांना एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसलेलं बघितलं, तेव्हा बोच थोडी कमी झाली.

खिडकीवर नुसतं ‘सर्टिफिकेट’ मागितलं की एक पान मिळतं, आणि अपोस्टिलला तेच लागतं. आई-वडिलांची नावं असलेला कागद हवा असेल तर ‘अर्जासकट पूर्ण नोंद’ असं सांगा. चौथी प्रत मी तशी घेतली आणि नागपूरला पाठवली. आईने चष्मा लावून स्वतःचं नाव वाचलं, स्पेलिंग बरोबर आहे म्हणाली, आणि तो कागद तिच्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवला.