तो कोळी, ती कोळी

मराठीत पाल ती, झुरळ ते आणि कोळी तो. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण त्यापायी मी आयुष्यभर प्रत्येक कोळ्याला बाप्या समजत आलो. कोळीण म्हणावं, तर डोळ्यांपुढे पापलेटांची पाटी येते.

गेल्या पावसाळ्यात गावी होतो. रात्री विजेरी कपाळाशी धरून भाताच्या बांधावर उजेड टाकला, तर गवतात हिरवट ठिपके चमकले. दव असेल म्हटलं. पण दवाचा थेंब आपण हललो की लुकलुकतो, रंग बदलतो. हे ठिपके माझ्याकडे रोखून बघत होते. वाकलो. लांडगा कोळी!

याची ओळख चेहऱ्यात. खाली चार बारीक डोळे ओळीनं, त्यांवर दोन टपोरे, जुन्या मोटारीच्या दिव्यांसारखे, आणि डोक्यावर मागे आणखी दोन. घरात भिंतीला चिकटलेला, खेकड्यासारखे पाय फाकणारा चपटा कोळी तो हा नव्हे. हा जमिनीवरचा धावपटू. जाळं विणून वाट बघत बसणं याच्या बहुतेक भावकीला मंजूर नाही; भातावरचे तुडतुडे पळत जाऊन धरतो.

आता तो की ती? तोंडापाशी पायांसारखेच दोन आखूड अवयव असतात, स्पर्शपाद. नराच्या स्पर्शपादांची टोकं फुगीर, मुष्टियोद्ध्यानं हातमोजे चढवावेत तशी. मादीची सडसडीत. नर काटकुळा नि लांब टांगांचा, मादी भरल्या अंगाची. पण नुसत्या पोटावरून निवाडा करू नये, हे आपल्यालाही लागू. वयात येताना, शेवटच्या एकदोन कातींच्या सुमारास नराचे मोजे फुगतात. तोवर सरळ ‘ते’ म्हणावं, झुरळासारखं.

एका बाबतीत मात्र भिंग लागत नाही. मागे गोल पांढरट पिशवी बांधून फिरते ती मादीच, पिशवीत अंडी. पिल्लं निघाली की सगळी आईच्या पाठीवर चढतात.

अशीच एक सकाळी आमच्या पायरीवर आली. पाठ नुसती वळवळत होती. केरसुणी घेऊन धावलेली आत्या वाकून बघत राहिली. म्हणाली, “अरे, लेकुरवाळी आहे रे ही!”

मग तेवढी पायरी सोडून तिनं बाकीचं अंगण झाडलं.